पंचवीसचा कट्टा

हात न टेकता खुर्चीतून उठा, म्हणाली
सरकारी दवाखान्यातली निगार.
पोरगी पंचविशीची, हातात घड्याळ.
अर्ध्या मिनिटात किती वेळा, ते बघायचंय.

मी हसले.
हातांशिवाय मी आजवर केलंय काय?

त्रेचाळीस वर्षं मांडीवर सूप.
पत्ता, जर्दा, दोरा. पत्ता, जर्दा, दोरा.
दिवसाला हजार विड्या.
बोटं एवढी धावली की
कुंभारीहून निघून कुठल्या कुठे पोचली असती.
आणि पाय खाली दुमडलेले,
सोलापुरात छत्री ठेवतात तसे,
लागलीच तर उघडू म्हणून.

उठले.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा गुडघ्यांनी तेलुगूत शिवी हासडली.
चौथ्यानंतर खुर्ची जिंकली.

"चार," तिनं लिहिलं.
"मावशी, राबलात खूप.
पण पायांना कामावर घेतलंच नाहीत."

राजय्याचं उलटं.
चार मागांच्या मधोमध बारा-बारा तास उभा,
सूत तुटेल तिकडे पाय.
कारखाना बंद पडला
तशी दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला.
जन्मभराचं उभं राहणं
आता वसूल करतो, म्हणाला.
तीन उन्हाळ्यांत चादरीसारखा विरला,
आधी मांड्या, मग भूक, मग बोलणं.
आम्ही म्हणत राहिलो, वय झालं.
सगळ्याला वय म्हटलं की
विचारायचं काही उरत नाही.

निगारनं विचारलं, सकाळी खाता काय?
कडक भाकरी, चहात मोडून.
रात्री?
तीच, आमटीत.
आमटीत डाळ असते ना?
डाळ तळाला बसते, म्हटलं,
आणि तळातलं पोरांना वाढायचं असतं.
पोरं केवढी आहेत?
थोरला बावन्नचा.

ती हसली नाही.
मग मीही नाही.

आता पळी तळापर्यंत घालते.
पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखं वाटलं,
सुनेनं पाहिलं,
काही न बोलता वर अजून एक पळी ओतली.
दात नाहीत, म्हणून शेंगा पिठासारख्या कुटते,
दह्यात कालवते.
शनिवार सोडून एक अंडं.
नातू म्हणतो, अव्वा पहिलवान होणार.

पहाटे पाचला, ऊन जागं व्हायच्या आत,
घरकुलाच्या गल्ल्यांतून निघते.
किलोमीटर मला कळत नाही.
पंचवीस पावलं, एक कट्टा.
लिंबापर्यंत नऊ कट्टे,
पिठाच्या गिरणीपर्यंत चौदा,
तिथं सत्यम्मा कोडम भेटते
आणि हिशेब चुकवते.

विडी कारखान्यात तपासणारा असायचा.
पान फाटलं, छाट. दोरा सैल, छाट.
मूठमूठ बाजूला फेकायचा,
त्याची मजुरी नाही.
इथं वाकडं पाऊलही मोजलं जातं.
भिंत धरून टाकलेलं,
तेही.

परवा निगारनं पुन्हा घड्याळ धरलं.
आठ.
दहा व्हायला पाहिजेत, म्हणाली,
पण डोळ्यांनी शाबासकी दिली.

खोकला जायचा नाही, मला माहीत आहे.
जर्द्याची धूळ छातीत भाड्यानं राहते
आणि भाडं देत नाही.
रात्री गुडघे बोलतात.
वीस वर्षांची पुन्हा व्हायचंय
असंही नाही,
तेव्हाही उपाशीच होते.

एवढंच,
की मोरीतून उठताना कुणाला हाक मारावी लागू नये.

काल गावात जायला सिटी बस धरली.
पायरी उंच. दांडा न धरता
चढले, दोन्ही पायांनी.
कंडक्टरनं वरून हात पुढे केला.
लागत नव्हता.
तरी धरला,
पोराचा हात रिकामा कशाला परत पाठवायचा.